कल्याणपासून शेलू किती लांब?

कल्याणला कर्जत लोकलची वाट पाहत उभ्या असलेल्या चार जणांना विचारून पाहा, "शेलू इथून किती लांब आहे हो?" रोज ये-जा करणारा सांगेल, "सहावं स्टेशन." दुसरा घड्याळ बघेल आणि म्हणेल, "चाळीस मिनिटं धरा." तिसरा म्हणेल, "वांगणी गेलं की दाराशी येऊन उभे राहा, पुढचंच." चौथी एखादी शाळकरी मुलगी असेल, ती म्हणेल, "सुमारे तीस किलोमीटर."

चौघंही खरंच बोलतात. तरी चारही उत्तरांवर सारखाच भरवसा ठेवता येत नाही. विठ्ठलवाडी ते उल्हासनगर हे अंतर दोन किलोमीटरच्या आसपास आहे आणि बदलापूर ते वांगणी दहाच्या आसपास. स्टेशनांनी मोजलं, तर मात्र दोन्ही 'एकच स्टेशन'. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोलीला नवं स्टेशन उभं राहतंय. तिथे गाड्या थांबू लागल्या की शेलू सातवं होईल, पण जमीन तसूभरही हललेली नसेल. पावसात गाडी रखडली की चाळीस मिनिटांची ऐंशी होतात. त्या मुलीचे तीस किलोमीटर मात्र उन्हाळ्यात, पावसाळ्यात, गाडी वेळेवर असो वा उशिरा, तीसच राहतात. असं का, हे समजलं की विज्ञानातलं मोजमाप बरंचसं समजलं.

मोजणं म्हणजे काय?

मोजणं म्हणजे तुलना करणं. आधी एक तुकडा ठरवायचा आणि तो समोरच्या वस्तूत किती वेळा मावतो ते पाहायचं. त्या ठरवलेल्या तुकड्याला एकक म्हणतात. जे मोजायचं, म्हणजे लांबी, वस्तुमान, वेळ, तापमान, त्याला भौतिक राशी म्हणतात.

म्हणून प्रत्येक मोजमापाला दोन भाग असतात, अंक आणि एकक. दुकानात जाऊन "तेल दोन द्या" म्हटलं, तर दुकानदार विचारणारच, "दोन काय? लिटर, किलो की पिशव्या?" गणिताच्या वहीत नुसतं ५ लिहिलेलं चालतं. विज्ञानाच्या वहीत त्या ५ ला अर्थ नसतो. ५ सेंटिमीटर म्हणजे बोट, ५ मीटर म्हणजे घराची भिंत, ५ किलोमीटर म्हणजे शेलूहून नेरळच्याही थोडं पुढे.

एकक लहान घेतलं की अंक मोठा होतो. दीड मीटर उंचीची मुलगी १५० सेंटिमीटर असते आणि १५०० मिलिमीटरही असते. म्हणून ती वाढत नाही. फक्त तिला मोजणारा तुकडा लहान झाला.

हातभर आणि वीतभर

माणसाला सगळ्यात आधी सापडलेली मोजपट्टी म्हणजे त्याचं स्वतःचं शरीर. मराठीत ती अजून जिवंत आहे. बोटभर चिंधी, वीतभर पोट, हातभर काकडी, पुरुषभर पाणी असं आपण सहज बोलतो. ही मापं कायम जवळ असतात, विसरत नाहीत आणि विकत घ्यावी लागत नाहीत.

त्यातली अडचण वर्गात पाच मिनिटांत कळते. एकाच बाकाची लांबी पाच मुलांनी आपापल्या वितीने मोजायची. कुणाच्या सात विती भरतील, कुणाच्या साडेसात, कुणाच्या आठ. बाक एकच, पण वीत प्रत्येकाची वेगळी. बाकाच्या बाबतीत हे चालून जातं. पण जमिनीवर सारा द्यायचा असेल आणि मोजणाऱ्याचा हात आखूड असेल, तर शेताचे 'हात' वाढतात आणि साराही वाढतो.

शिवकाळात हा प्रश्न कसा सोडवला, ते सभासदाच्या बखरीत दिसतं. जमीन मोजायची काठी पाच हात आणि पाच मुठींची ठरली. पण कुणाचा हात आणि कुणाची मूठ, हा वाद राहू नये म्हणून तिची लांबी तसू या लहान मापात बांधून दिली, ८२ तसू. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघे म्हणजे एक चावर. नावात हात आणि मूठ राहिली, पण माप माणसाच्या अंगावरून उतरून काठीवर आलं. एककाच्या इतिहासातली ही फार मोठी पायरी आहे.

पायली सारखी, भात वेगळं

कर्जत, खालापूर हा भाताचा मुलूख. इथल्या घराघरांत भात पायलीने मोजलं गेलं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. त्यावर मण, आणि वीस मणांची खंडी. हिशोब सुटसुटीत दिसतो. पण मण कुठे बारा पायल्यांचा, तर कुठे सोळा पायल्यांचा असे.

शिवाय पायली मोजते ती जागा. धान्याने किती जागा व्यापली, याला विज्ञानात आकारमान म्हणतात. एक पायली पोहे आणि एक पायली तांदूळ दोन हातांत घेऊन पाहा, फरक लगेच कळेल. जागा तेवढीच, पण आतला ऐवज वेगळा. वस्तूत एकूण द्रव्य किती आहे, त्याला वस्तुमान म्हणतात आणि ते किलोग्रॅममध्ये मोजतात. त्यातच कुणी पायली शिगोशीग भरणार, कुणी वरून हात फिरवून सपाट करणार. त्या शिगेवरून किती भांडणं झाली असतील!

वजनाच्या मणाची कथा तर आणखी विलक्षण आहे. ब्रिटिश काळात मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, म्हणजे सुमारे १२.७ किलो. त्याच वेळी बंगालचा मण, जो पुढे रेल्वेने आणि सरकारने प्रमाण मानला, तो सुमारे ३७.३ किलोचा होता. शब्द एकच, पण माल जवळजवळ तिप्पट. मुंबईच्या व्यापाऱ्याने आणि कोलकात्याच्या व्यापाऱ्याने 'शंभर मण' असा सौदा केला, तर आधी कुणाचा मण हेच ठरवावं लागे.

हा गोंधळ मिटवण्यासाठी १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. त्याआधी १ एप्रिल १९५७ ला नाणी बदलली होती. १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. दहा, शंभर, हजार अशी चढण असल्यामुळे एककं बदलायला फक्त दशांशचिन्ह सरकवावं लागतं. पाढे म्हणावे लागत नाहीत.

जुनी नावं मात्र इतक्या सहज जात नाहीत. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. हा प्रमाण तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफाकडे बहुतेक वेळा १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. म्हणजे पाच तोळ्यांच्या पाटलीत जुना तोळा की नवा, यावर आठ ग्रॅमहून जास्त सोन्याचा फरक पडतो. म्हणूनच पावतीवर ग्रॅम लिहिलेले असतात आणि तेच वाचायचे असतात.

गुंठा आणि आर

शेलूच्या आसपास आता भातखाचरांशेजारी इमारती उभ्या राहतात आणि बोलण्यात रोज गुंठा येतो. गुंठा आला कुठून? मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. एका गुंठ्याचे भागही रुपयासारखेच, सोळा आणे.

सातबारावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेलं असतं. १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद चौरस म्हणजे १ आर, म्हणजेच १०० चौरस मीटर. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. दोघं इतके जवळ आहेत की लोक 'आर म्हणजेच गुंठा' असं सहज म्हणून जातात. एका आरला तो फरक चटईएवढाच पडतो. पण हिशोब करून पाहा. एका हेक्टरमध्ये आर १०० असतात आणि गुंठे ९८.८४. म्हणजे हेक्टरभर जमिनीत एका गुंठ्याहून जास्त तफावत आली.

क्षेत्रफळाचं एकक चौरस असतं, हे मुलांनी हाताने काढून पाहावं. १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, पण १ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर नव्हे. लांबीत शंभर आणि रुंदीत शंभर, म्हणून १०,००० चौरस सेंटिमीटर. घनमीटरला तेच तीनदा होतं, दहा लाख घन सेंटिमीटर. परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जातात.

मीटर आला कुठून?

काठी, साखळी, पायली ही सगळी कुणीतरी ठरवली. मग मीटर कुणी ठरवला? फ्रान्समध्ये १७९१ साली असं ठरलं की एकक राजाच्या हातावरून घ्यायचं नाही, पृथ्वीवरून घ्यायचं, कारण ती सगळ्यांची. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. पुढे प्लॅटिनमची पट्टी झाली. २० मे १८७५ ला पॅरिसमध्ये मीटर करार झाला आणि १८८९ मध्ये मीटरची आणि किलोग्रॅमची आंतरराष्ट्रीय प्रमाणं ठरली.

भारताचा प्रमाण किलोग्रॅम म्हणजे प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा दंडगोल. त्याचा क्रमांक ५७ असून तो दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. आता साखळी जुळवून पाहा. कर्जतच्या बाजारातला वजनकाटा निरीक्षकाच्या प्रमाण वजनाशी ताडून पाहतात, ती वजनं त्याहून वरच्या प्रमाणाशी, आणि असं करत करत आपण दिल्लीच्या त्या दंडगोलापर्यंत पोहोचतो. काट्यावरचा शिक्का म्हणजे ही साखळी कुठे तुटलेली नाही, याची ग्वाही.

पण पॅरिसजवळच्या मूळ किलोग्रॅमची त्याच्या प्रतींशी तुलना केली, तेव्हा शंभर वर्षांत त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. धातूची वस्तू कितीही जपली तरी बदलते. म्हणून शास्त्रज्ञांनी वस्तू सोडून निसर्गाचे न बदलणारे नियम धरले. सिझियम अणूतून निघणाऱ्या ठरावीक लहरीची ९,१९२,६३१,७७० कंपनं होतात, तेवढा वेळ म्हणजे एक सेकंद. प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९९,७९२,४५८ व्या भागात जेवढा पुढे जातो, ते अंतर म्हणजे एक मीटर. ही मीटरची व्याख्या १९८३ पासूनची. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही प्लांकच्या स्थिरांकावर बांधला गेला. हातावरून काठीवर, काठीवरून पृथ्वीवर, धातूवर आणि शेवटी प्रकाशावर. दिशा एकच होती, माप कुणा एकाचं राहू नये.

नेरळचे दोन रूळ

शेलूच्या पुढचं स्टेशन नेरळ. तिथे दोन प्रकारचे रूळ दिसतात. मुंबई-पुणे गाड्यांच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, तर १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीच्या रुळांमधलं ६१० मिलिमीटर. हे आकडे असे आडवेतिडवे का? कारण रूळ फूट-इंचांत आखले गेले होते. मोठा रूळ ५ फूट ६ इंचांचा, म्हणजे ६६ इंचांचा. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून ६६ गुणिले २५.४ म्हणजे १६७६.४. माथेरानचा रूळ फक्त २ फुटांचा, म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. एकक बदललं, आकडा बदलला, रूळ जागचा हलला नाही.

आता याच गाडीची एक गंमत पाहू. माथेरानच्या वाटेवर सर्वांत तीव्र चढ १:२० आहे. २० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटातला चढ १:३७, आणि तेवढ्यासाठीही कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. १:२० पुढे मीटर का लिहीत नाहीत? कारण लांबीला लांबीने भागलं की एकक दोन्हीकडून निघून जातं. २० फूट पुढे आणि १ फूट वर म्हटलं तरी चढ तोच. अशा संख्येला गुणोत्तर म्हणतात. गुणोत्तराला एकक नसतं, ते विसरलेलं नसतं.

पाऊस मिलिमीटरमध्ये कसा?

दूध लिटरमध्ये मोजतात, मग पाऊस मिलिमीटरमध्ये का? पाणी आणि लांबीच्या एककात! पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या भागातल्या मुलांना हा प्रश्न पडायलाच हवा.

अंगणात एक सरळ उभ्या कडांचा डबा ठेवा आणि शेजारी सरळ कडांचंच मोठं पिंप. तासभर पाऊस पडू द्या. पिंपात पाणी कितीतरी जास्त साठेल, पण दोन्हींतली पाण्याची उंची सारखीच भरेल. पिंपाचं तोंड मोठं, म्हणून त्यात थेंब जास्त पडले. पण त्याचा तळही तेवढाच मोठा, म्हणून पाणी तेवढंच पसरलं. लिटर भांड्यावर अवलंबून असतात, उंची फक्त पावसावर. म्हणून पाऊस उंचीत मोजायचा.

उंचीवरून लिटर काढणंही सोपं आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. मग एका गुंठ्याच्या खाचरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १०,१०० लिटर पाणी झालं, एका मोठ्या टँकरहून थोडं जास्त. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. गुंठ्यावर हा हिशोब केला, तर सुमारे ९५,५०० लिटर. आकडा समोर आला की त्या दिवशी पाण्याला जायला जागा का उरली नाही, ते उमगतं.

हजार दाण्यांची युक्ती

आता उलटा प्रश्न. तांदळाच्या एका दाण्याचं वस्तुमान किती? घरातला काटा एक ग्रॅमच्या खालचं दाखवतच नाही. उपकरण जेवढं लहानात लहान माप दाखवू शकतं, त्याला लघुतम माप म्हणतात. तुमच्या पट्टीचं लघुतम माप १ मिलिमीटर, या काट्याचं १ ग्रॅम.

उत्तर सोपं आहे. एक दाणा मोजू नका, हजार मोजा. हजार दाणे २० ग्रॅम भरले, तर एक दाणा ०.०२ ग्रॅमचा, म्हणजे २० मिलिग्रॅमचा. काट्याची चूक हजार दाण्यांत वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला फारच थोडी आली. भाताचे वाण पारखतानाही शास्त्रज्ञ हजार दाण्यांचं वजन घेतात. याच युक्तीने वहीच्या एका कागदाची जाडीही काढता येते. शंभर कागद मिळून १० मिलिमीटर भरले, तर एक कागद ०.१ मिलिमीटरचा.

चुका टाळायच्या तीन सवयी लावून घ्या. पट्टीचं टोक झिजलेलं असेल, तर शून्यापासून न मोजता १ पासून मोजा आणि शेवटी १ वजा करा. वाचताना डोळा रेघेच्या समोर ठेवा, तिरका ठेवला की रेघ सरकलेली दिसते. आणि एकदा मोजून थांबू नका. तीनदा मोजा आणि सरासरी घ्या.

चौकट: लक्षात ठेवू या

- मोजमाप म्हणजे अंक आणि एकक. एककाशिवाय अंक अपुरा.
- चांगलं एकक सगळ्यांसाठी सारखं, न बदलणारं आणि सहज पडताळता येणारं असतं.
- लांबी मीटरमध्ये, वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वेळ सेकंदात. ही तीन आणि अँपिअर, केल्विन, मोल, कँडेला मिळून सात मूलभूत एककं होतात.
- १ आर = १०० चौरस मीटर. १ गुंठा = १०८९ चौरस फूट = १०१.१७ चौरस मीटर.
- १ मिलिमीटर पाऊस = दर चौरस मीटरला १ लिटर पाणी.
- गुणोत्तराला एकक नसतं.

खिडकीजवळचा प्रयोग

पुन्हा गाडीत येऊ. रुळांच्या कडेला विजेच्या तारा पेलणारे खांब असतात आणि त्यांच्यावर दोन आकडे रंगवलेले असतात. वरचा आकडा मुंबईपासूनचा किलोमीटर आणि खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा क्रमांक. कल्याणजवळ वरचा आकडा ५३-५४ असतो, शेलूजवळ तो ८० च्या पुढे गेलेला असतो. वजाबाकी केली की त्या मुलीचं उत्तर कुणालाही पडताळता येतं.

खिडकीजवळ बसा, पण बाहेर वाकू नका. वरचा आकडा बदलला की घड्याळ पाहा आणि तो पुन्हा बदलेपर्यंत किती सेकंद झाले ते लिहा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागा. ६० सेकंद लागले, तर गाडी ताशी ६० किलोमीटरने धावतेय. ४५ लागले, तर ताशी ८० ने. वहीत अंकासोबत एकक लिहायला विसरू नका, तारीख आणि गाडीही लिहा.

दोन डबे पुढे बसलेल्या एखाद्या अनोळखी मुलीनेही हाच प्रयोग त्याच वेळी केला, तर तिचं उत्तर तुमच्या उत्तराशी जुळेल. तुमची तिची ओळख नाही, तुमची वीत तिच्या वितीहून वेगळी आहे, घड्याळंही वेगळी आहेत. तरी तुमचा किलोमीटर तिचाही किलोमीटर आहे आणि तुमचा सेकंद तिचाही. न भेटलेल्या माणसावरही विश्वास ठेवता यावा, यासाठीच माणसाने हाताची वीत सोडली आणि मीटर धरला.